पांढऱ्या दोऱ्याची वेटोळी

४ जून

मामा,

नमस्कार. पत्राला उशीर झाला म्हणून कान धरायचा असेल तर इथं येऊन धर, तिकडे लेकाच्या घरी बसून धमक्या देऊ नकोस.

दुकान तुझ्याशिवाय चालतंय. चालतंय म्हणजे रोज उघडतं आणि बंद होतं. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत मी शाळेच्या गणवेशांना काजं करत होते हे गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून मी फार कमी बोलते. लोकांना वाटतं बाई गंभीर आहेत. काल कॉलेजातली एक मुलगी आली. "माझ्या गिटारला कुठल्या तारा लावू?" म्हणाली. मी म्हटलं, "कुठल्या हव्यात?" ती म्हणाली, "तेच तर विचारतेय." मग मी तिची गिटार कुठली ते विचारलं, ती अकूस्टिक निघाली, तुझे डबे उघडले आणि दोऱ्याचा रंग बघून सहा तारांचं वेटोळं काढून दिलं. पांढरा दोरा क्लासिकल, लाल दोरा अकूस्टिक, काळा दोरा इलेक्ट्रिक. तू बांधून ठेवलेला माल संपेपर्यंत निभेल. पण कुणी का आणि कशाला असं खोदून विचारलं की माझी बोबडी वळते. तेव्हा एकदा नीट लिहून पाठव, शिवणकामातल्या बाईला कळेल असं.

तुझ्या टेबलावर मी माझं लोहचुंबक ठेवलंय, सांडलेल्या टाचण्या उचलायचं. इथं टाचण्या नाहीत, पण सवय जात नाही.

ठमी मजेत आहे. शाळेतून आली की कानातलं यंत्र काढून ठेवते आणि तू दिलेली छोटी क्लासिकल घेऊन बसते. गिटारच्या कडेवर गाल टेकवायचा, डोळे मिटायचे आणि वाजवायचं. यंत्रापेक्षा गालाच्या हाडातून जास्त ऐकू येतं म्हणते. इतकी ओणवी होते की समोरून नुसते केस दिसतात. तिचे बाबा अजून जहाजावरच आहेत.

तुझी
टाचणी


९ जून

टाचणीबाई,

आशीर्वाद तर आहेतच, ते काय पत्रातून पाठवायला लागतात?

अक्षराला हसू नकोस. सूनबाईनं आणलेलं पेन बोटांतून निसटतं. इथले कपही तसलेच, गुळगुळीत. या महिन्यात दोन फुटले आणि नाव माझं झालं.

आता ऐक. तारा निवडताना आधी लाकूड बघायचं, मग वाजवणारा माणूस, आणि तार सगळ्यात शेवटी. क्लासिकल गिटार म्हणजे मलमल. पातळ फळी, आत हलक्या पट्ट्या, आणि खाली तारा जिथं अडकवतो ती घोडी नुसती सरसानं चिकटवलेली. तिच्या उंच सुराच्या तीन तारा साध्या नायलॉनच्या. खर्जाच्या तीन जाड ताराही पोटातून नायलॉनच्याच, वर चांदीच्या मुलाम्याची बारीक गुंडाळी. अकूस्टिक म्हणजे तंबूचं कापड. तिला स्टीलच्या तारा, वर तांबूस ब्राँझ. नवशिक्याला पातळ द्यायच्या, नाहीतर पोर आठ दिवसांत बोटं सोलून घेतं आणि गिटार माळ्यावर जाते. इलेक्ट्रिकलाही स्टीलच, पण गुंडाळी निकेलची. तिच्या अंगात चुंबक असतं, ते तारेची थरथर उचलतं, म्हणून तिथं लोखंड पाहिजेच. नायलॉन लावलंस तर ती मुकी.

मलमलीला जाड दोऱ्यानं खेचून शिवलंस तर काय होईल? दोरा टिकेल आणि कापड जाईल. क्लासिकलला स्टील लावलं की तेच. एवढं लक्षात ठेवलंस तरी पुष्कळ झालं.

चांदीची तार आणि निकेलची तार, दोघी दिसायला जुळ्या बहिणी. त्यातून आपण नवशिक्यांना गाठ मारायचा त्रास नको म्हणून क्लासिकलच्याही टोकाला मणी असलेल्याच तारा आणतो. म्हणून डोळ्यावर जायचं नाही. अंगठ्यावर घेऊन वाकवायची. क्लासिकलची लोळते, दुसरी उसळून परत येते. छापील पाकिटं मी कधी मानली नाहीत. चाळीस वर्षं सुट्ट्या तारा गठ्ठ्यानं आणल्या, अंगठ्यानं निवडल्या आणि दोरा बांधला. अंगठ्यानं मला कधी फसवलं नाही. तू नुसता दोरा बघ.

ठमीला माझा पापा.

मामा


१७ जून

मामा,

तुझं पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. मलमल आणि तंबू असं सांगितलं की गिऱ्हाईक मान डोलावतं. परवा एकानं मला "मॅडम" म्हटलं.

आज मात्र एक अवघड प्रकरण आलं. आपले चित्रकलेचे सर, टक्कल पडलेले, त्यांची जुनी क्लासिकल घेऊन आले. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी पांढऱ्या दोऱ्याचा सेट नेला आणि घरीच लावला. काल सगळी जेवायला बसली असताना भिंतीवर टांगलेल्या गिटारमधून टक्कन आवाज आला, कुणी बोट मोडावं तसा. जाऊन बघतात तर कुणीच नाही. पुन्हा घास घेतला, पुन्हा टक्. त्यांच्या बायकोनं ती गिटार घरात नको म्हणून सांगितलं.

मी टेबलावर ठेवून बघितली. घोडीच्या मागची फळी पोट सुटल्यासारखी वर आलीय आणि घोडीची मागची कड उचललीय. माझं नख आत गेलं. मी ठोकून दिलं की हवा दमट आहे, सरस सुटला असेल. सरांनी ऐकून घेतलं. ते भले आहेत. खरं तर मलाच ती गिटार उघड्या हातांनी धरायची भीती वाटत होती, कधी काय उडेल सांगता येत नाही.

सरस किती लावायचा, किती वेळ दाबून ठेवायची ते कळव. आणि दमट हवेनं असं होतं ना? एवढं फक्त हो म्हण.

टाचणी


२१ जून

टाचणी,

आधी सरांच्या गिटारच्या तारा सैल कर. एकदम कापू नकोस. प्रत्येक खुंटी अर्धा अर्धा फेरा, आळीपाळीनं. तोंड लांब ठेव. मग गिटार तशीच राहू दे, सरसाचं नंतर बघू.

पांढऱ्या दोऱ्याच्या डब्यातलं एकही वेटोळं विकू नकोस. माल जुना आहे, खराब झाला असेल. डबा बांधून माळ्यावर टाक. कुणीकुणी नेली त्यांची नावं आठव.

ठमीच्या गिटारला त्या तारा लावू नकोस. लावल्या नसशीलच. लगेच उत्तर पाठव.

मामा


२६ जून

मामा,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस धुसफुसत होते, आज लिहायला बसलेय.

माल जुना आहे म्हणतोस. जायच्या आदल्या आठवड्यात तूच खिडकीत बसून ती वेटोळी बांधत होतास, मी चहा आणून ठेवला होता. चार महिन्यांत तार जुनी होते? सरळ सांग ना, की मी काहीतरी घोळ घातला असेल असं तुला वाटतंय. दमट हवेचं विचारलं त्याला उत्तर नाही, नुसते हुकूम. तुझ्या मनात दुकान दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर तसं कळव. मला परत काजं करता येतात.

सरांच्या तारा तू सांगितलंस तशा सैल केल्या. डबा माळ्यावर टाकलेला नाही, पण विकणं थांबवलंय.

आणि ठमीच्या गिटारला मी तेरा तारखेलाच नवा सेट लावलाय, पांढऱ्या दोऱ्याचा. मामाच्या हातचं म्हणून त्यातलं एक वेटोळं तिच्यासाठी बाजूला ठेवलं होतं. सगळ्यात जाड तार वरच्या खाचेत बसत नव्हती, मी अंगठ्यानं दाबून बसवली. बघ, एवढंही जमतं मला. आणि पोर किती खूश झाली म्हणून सांगू. गाल टेकवला, एक तार छेडली आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. "आई, आता दातांतसुद्धा वाजतंय," म्हणाली. तेव्हापासून मान वर करत नाही. आधी गाल टेकवायची, आता पार कपाळ आणि नाक तारांशी.

वीस तारखेला ती गिटार घेऊन आत्याकडे गेलीय. तिथल्या शाळेत पाच जुलैला कार्यक्रम आहे, त्यात वाजवणार आहे. मी तीनला निघेन. आत्या लिहिते की दिवसभर वाजवते, जेवायला हाक मारून उपयोग नाही, हात धरून उठवावं लागतं.

गिटार अधूनमधून बोटं मोडते असंही ठमीनं आत्याला सांगितलंय. तिला ऐकू नाही आलं, गालाला जाणवलं. मला ते वाचून कसंसंच झालं. म्हणून हे सगळं लिहिलंय. रागावलेय, पण उत्तर दे.

टाचणी


२९ जून

टाचणी,

तू काही घोळ घातलेला नाहीस. मी घातलाय. आता वाच आणि मला काय म्हणायचं ते म्हण.

माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेलीत. थंडीपासून. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही थांबल्या. एकदा सोल्डरिंग करत होतो, तुझ्याशीच बोलत होतो, आणि काहीतरी जळल्याचा वास आला. खाली बघितलं तर अंगठा त्या गरम टोकाला टेकलेला. मी हात खिशात घातला आणि तुझ्याशी बोलत राहिलो. तू म्हणालीस, कसला वास येतोय? मी म्हटलं, शेजारी काहीतरी करपलं असेल.

कुणाला सांगितलं नाही. चिरंजीवांना कळलं असतं तर त्यांनी टेबल विकायला लावलं असतं. आणि चाळीस वर्षं ज्या अंगठ्याच्या जोरावर लोकांना वेड्यात काढलं, तो गेला हे कुठल्या तोंडानं सांगू? जायच्या आधी तुला पुरेल एवढा माल बांधून ठेवावा म्हणून खिडकीत बसलो. समोर दोन गठ्ठे होते. एक क्लासिकलचा. दुसरा जाड इलेक्ट्रिक तारांचा, त्या हॉटेलातल्या बँडवाल्यासाठी आणलेला. दोन्ही चांदीसारखे, दोन्हींच्या टोकाला मणी. मी तार अंगठ्यावर घ्यायचो, वाकवायचो, आणि अंगठा काहीच बोलायचा नाही. मग मीच ठरवायचो की ही लोळली. पांढरा दोरा बांधायचो. अशी बारा वेटोळी बांधली. त्यातली किती खोटी, मला माहीत नाही.

तुझं सतरा तारखेचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं. तरी माल जुना म्हणून लिहिलं. त्या एका खोट्यानं आठ दिवस गेले.

जाड तार खाचेत बसली नाही म्हणतेस. बसणारच नाही, ती त्या गिटारची नाहीच. ती घोडी सुटली तर तिन्ही जाड तारांसकट गोफण सुटावी तशी वर येईल, आणि वर पोरीचे डोळे आहेत. सकाळपासून मला दुसरं काही दिसत नाही. जेवायला बसलो तरी तेच. सूनबाईनं ताट सरकवलं त्याचा आवाज झाला तर मी ओरडलो.

आत्याकडे फोन नाही. तुमच्या शेजारच्या औषधवाल्याकडे तीनदा लावला, वाजत राहतो, कुणी उचलत नाही. चिरंजीवांना आत्ता सगळं सांगितलं. ते माझा हात हातात घेऊन उलटसुलट बघत बसले. आता हे पोस्टात टाकायला निघतोय.

मामा


३० जून, आत्याच्या घरून

टाचणी,

ठमी सुखरूप आहे. कालचं पत्र सोबतच आहे, ते यानंतर वाच.

पोस्टाच्या पेटीसमोर उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं की हे तुला तीन दिवसांनी मिळणार, आणि तू वाचून फक्त घाबरणार. पत्र खिशात घातलं आणि बसमध्ये बसलो. अकरा तास. शेजारच्या माणसानं विचारलं, काही दुखतंय का? मी नाही म्हटलं.

सकाळी आत्याचं दार उघडंच होतं. आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला ठमी बसली होती, कपाळ गिटारवर, डोळे मिटलेले. मी हाक मारली. तिला ऐकू येणार नाही हेही सुचलं नाही. मग पुढे झालो आणि थबकलो. खांद्याला हात लावला आणि ती दचकली, गिटार आपटली, तर? दोन पावलांवर उभा राहून मला हलता येईना. वाजत असलेल्या सुरात काही चूक नव्हती, तेच भयंकर होतं. सूर खरा होता आणि घोडीखाली अंधाराची एक रेघ दिसत होती.

शेवटी लाकडी जमिनीवर पाय आपटला, दाणकन. तिला तळपायांतून कळलं. तिनं डोळे उघडले, मान वर केली, आणि हसली.

गिटार पलंगावर उताणी ठेवायला लावली. खुंटीला हात घातला तर बोटांना कळेना, खुंटी फिरतेय की माझीच बोटं घसरताहेत. उलटी पिळली गेली तर सगळं संपलं. मग तिलाच म्हटलं, तू फिरव, मी सांगतो तेवढीच. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. माझे ओठ वाचायला तिला माझ्याकडेच बघावं लागतं ना, म्हणून तोंड गिटारकडे गेलंच नाही. अर्धा फेरा, थांब. दुसरी, अर्धा फेरा, थांब. सहा तारा, किती वेळा कोण जाणे. मधे एकदा टक् झालं. तिला ऐकू आलं नाही, मला आलं. मी चेहरा हलू दिला नाही.

तारा लोंबल्यावर मी घोडीखाली एक पोस्टकार्ड सरकवून बघितलं. अर्धं आत गेलं.

मग ठमी रडली. म्हणाली, "मला इतकं छान ऐकू येत होतं, ते तू काढून घेतलंस." ते बरोबरच होतं. आत्यानं तिला जवळ घेतलं. अक्षर असं आहे ते अंगठ्यामुळे. पेनाचा दोष नाही.

आता दुकानातलं. तुझं टाचण्या उचलायचं चुंबक घे आणि प्रत्येक वेटोळ्याच्या जाड तारांवरून फिरव. खरी क्लासिकलची असेल तर चिकटणार नाही, तिच्यात लोखंडच नसतं. चिकटली तर ती खोटी. चाळीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, कारण गरज नव्हती. हे आधी कर, मग मला शिव्या दे.

पाकीट सकाळच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय, उद्या मिळेल.

मामा


९ जुलै

मामा,

पाच तारखेला कार्यक्रमात मला तुला सगळ्यांसमोर काही बोलायचं नव्हतं आणि नंतर तू डॉक्टरांकडे जायचं म्हणून लगेच परत गेलास. म्हणून लिहितेय. शिव्या ठेवून दिल्यात, भेटल्यावर देईन. त्या दिवशी दोन्ही पत्रं वाचून मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि औषधवाल्याला पाणी आणावं लागलं. त्याचा फोन त्या दिवशी का उचलला नाही म्हणून त्याच्यावर ओरडले, तो बिचारा सुट्टीवर होता.

कार्यक्रमात ठमीनं उसन्या गिटारवर वाजवलं ते तू बघितलंसच. परत येताना तिनं विचारलं, मामाआजोबांचा अंगठा दुखतो का? मी म्हटलं नाही, दुखतच नाही. ती म्हणाली, मग माझ्या कानासारखं झालंय. तू तिला घाबरू नकोस, ती तुझ्यावर रागावलेली नाही.

आता डब्याचं. चुंबक फिरवलं. सात वेटोळी उरली होती, त्यातली तीन चिकटली. पहिलं चिकटलं तेव्हा मी हात झटकला, विंचू असावा तसा. पाच बाहेर गेली होती. एक सरांचं, एक ठमीचं. एक पोस्टातल्या कारकुनानं नेलेलं, ते बरोबर निघालं. एक तुझ्या बँडवाल्याच्या भावानं नेलं होतं, ते चुकीचं निघालं, पण त्यानं अजून लावलंच नव्हतं. तो आळशी आहे म्हणून मी त्याला चहा पाजला.

पाचवं सापडत नाही. मे महिन्यात एक बाई छत्री मिटत आत आल्या होत्या. नाव विचारलं नाही. लेकीसाठी हव्यात म्हणाल्या, नुकती शिकायला लागलीय. त्यांनी वेटोळं हातात घेतलं आणि तार जरा वाकवली. "या कडक नाहीत का वाटत?" म्हणाल्या. मामा, त्यांच्या हाताला कळलं होतं. आणि मी म्हटलं, "नव्या आहेत, वाजवून सैल होतील." मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली. तू अंगठा खिशात घातलास तसंच मी केलं.

दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावलीय. गावातल्या तिन्ही गिटार शिकवणाऱ्यांकडे जाऊन आले. कुणालाच त्या बाई माहीत नाहीत. ते वेटोळं खरंही असेल. तपासलेल्या अकरातली पाच खरीच निघाली. मी दिवसभर स्वतःला हेच सांगते. पण दार वाजलं की गिऱ्हाइकाच्या हातात काय आहे ते मी बघत नाही, आधी सोबत लहान मुलगी आहे का बघते, आणि तिचे डोळे.

तू परत ये. तारा निवडायला नको, त्याला चुंबक आहे. त्या बाई आल्या तर त्यांच्यासमोर मला एकटीला उभं राहता येणार नाही.

टाचणी